कुंपणाच्या आत कुंपण: घरच्या पोहण्याच्या तलावाचे सुरक्षाशास्त्र

सिडनीला किंवा मेलबर्नला मुलाकडे, मुलीकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांना तिथली एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. घराच्या मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव असतो. अंगणाला चहूबाजूंनी उंच फळ्यांचे कुंपण असते, त्यामुळे बाहेरचे कोणी आत येण्याची भीती नसते. तरीही तलावाभोवती काचेचे किंवा सळ्यांचे आणखी एक कुंपण उभे असते. त्याचे फाटक उघडे ठेवायचे म्हटले तरी राहत नाही, आपले आपण लागते. खटका इतका उंचावर असतो की मोठ्या माणसालाही हात वर करावा लागतो. बरे, कुंपणालगत तुळशीची कुंडी ठेवायला जावे, तर सूनबाई म्हणते, “आई, तिथे नको. कायद्याने चालत नाही.”

घर आपले, अंगण आपले, तलावही आपलाच. मग हे दुसरे कुंपण कोणासाठी?

चोरासाठी नाही आणि शेजाऱ्यासाठीही नाही. ते त्याच घरात राहणाऱ्या, नुकत्याच चालू लागलेल्या मुलासाठी आहे. या कुंपणाची उंची, सळ्यांमधली फट, खटक्याची जागा, कुंडीचे अंतर हे सारे एका लहान मुलाचे शरीर आणि त्याच्या खोड्या समोर ठेवून ठरले आहे. तो हिशेब एकदा कळला की जाचक वाटणारे नियम सरळ वाटू लागतात.

मूल बुडते तेव्हा आवाज होत नाही

बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडतो, हे चित्र आपण सिनेमात पाहिलेले असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा असे होत नाही. ओरडायचे तर आधी श्वास घ्यावा लागतो, आणि बुडणाऱ्याचे तोंड पाण्याबाहेर जेमतेम क्षणभर येते. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबू लागतात. ते वर करून हलवणे त्याच्या ताब्यात राहत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तर एवढीही झटापट जमत नाही.

त्यात लहान मुलाची शरीररचनाच त्याच्या विरोधात असते. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण आठव्या हिश्शाइतके असते, तर दोन वर्षांच्या मुलाचे जवळपास पाचव्या हिश्शाइतके. शरीराचा भार वरच्या बाजूला असल्यामुळे मूल चेंडू काढायला काठावरून वाकले की डोक्यावर पडते, आणि पालथे पडलेले डोके पाण्याबाहेर काढण्याएवढे बळ मानेत व हातांत नसते. म्हणूनच बादलीभर किंवा टबभर पाणीही जीवघेणे ठरू शकते.

आता वेळेचा हिशेब पाहा. श्वास बंद झाल्यावर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. साधारण चार ते सहा मिनिटांनंतर ती कायमची ठरण्याचा धोका असतो. म्हणजे फोन घ्यायला, दार उघडायला किंवा गॅसवरचे दूध उतरवायला जितका वेळ लागतो, तितक्यात सगळे घडून जाऊ शकते.

अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि फ्लोरिडा या राज्यांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या अशा अपघातांचा अभ्यास केला होता. त्यात दोन गोष्टी दिसल्या. ६९ टक्के मुले त्या वेळी तलावाजवळ असतील अशी कोणाची कल्पनाच नव्हती. आणि ७७ टक्के मुले पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळच नजरेआड झाली होती. म्हणजे यातली बहुतेक मुले ‘पोहताना’ बुडालेली नव्हती. कोणाच्या नकळत ती पाण्यापर्यंत पोहोचली होती.

लक्ष ठेवणे पुरे का पडत नाही?

‘मुलांवर लक्ष ठेवा’ हा सल्ला योग्यच आहे. मूल पाण्यात असताना हाताच्या अंतरावर जाणते माणूस हवेच. पण वरचे आकडे सांगतात की खरा धोका पोहण्याच्या वेळेपेक्षा इतर वेळी मोठा असतो. मूल झोपले आहे किंवा टीव्ही पाहत आहे असे सगळे धरून चालतात, तेव्हा तलावाकडे पाहायला कोणी नसते. चोवीस तास लक्ष ठेवणे कोणत्याही आईला, आजोबाला किंवा सांभाळणाऱ्या बाईला शक्य नाही.

इथे स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर आठवावा. वाफ जास्त झाली की शिट्टी वर उचलली जाते. शिट्टीत डाळीचा कण अडकला तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाफेला वाट देतो. स्वयंपाक करणाऱ्याचे लक्ष हे पहिले संरक्षण, पण ते चुकणार हे गृहीत धरूनच पुढची दोन बसवलेली असतात. तलावाच्या सुरक्षेचीही अशीच रचना आहे. देखरेख, कुंपण, पोहण्याचे शिक्षण आणि प्रथमोपचार असे एकामागे एक थर असतात. त्यांत कुंपणाचे काम नेमके एक आहे. माणसाचे लक्ष चुकल्यापासून ते पुन्हा जागेवर येईपर्यंत मुलाला रोखून धरायचे. त्यामुळे चांगल्या कुंपणाची खरी कसोटी त्याच्या मजबुतीपेक्षा वेगळी आहे. कोणीही काहीही लक्षात न ठेवता ते काम करते का, हे पाहायचे.

तीन बाजू आणि चार बाजू

पुष्कळ घरांत तलावाच्या तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घराचीच भिंत असते. दिसायला तलाव बंदिस्त असतो. पण त्या भिंतीत स्वयंपाकघराचे किंवा दिवाणखान्याचे दार असते, आणि मूल असते ते त्याच दाराच्या आत. असे कुंपण शेजारच्या मुलाला अडवते आणि घरच्या मुलाला वाट मोकळी ठेवते.

म्हणून तज्ज्ञांचा आग्रह असतो तो तलावाला घरापासूनही तोडणाऱ्या चौबाजूंच्या कुंपणाचा. तलावांच्या कुंपणांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला आहे. तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा चौबाजूंच्या कुंपणाने मुले बुडण्याचा धोका सुमारे ८३ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

प्रत्येक आकड्यामागे एक मूल

ऑस्ट्रेलियात तलावाच्या कुंपणासाठी ‘एएस १९२६’ नावाचे राष्ट्रीय मानक आहे. राज्याराज्यांचे तपशील थोडे वेगळे असले तरी गाभा हाच आहे. त्यातली मापे एकेक करून पाहू.

*उंची १.२ मीटर.* चार वर्षांचे मूल साधारण एक मीटर उंचीचे असते. १.२ मीटरची कड त्याच्या डोक्याच्या वर राहते. तिला लोंबकळले तरी खाली पाय टेकायला काही नसेल, तर अंग वर ओढून घेणे या वयात सहसा जमत नाही.

*फट १० सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही.* दोन उभ्या सळ्यांमधली आणि कुंपणाखालची, अशा दोन्ही फटींना हाच नियम आहे. चालू लागलेल्या मुलाचे धड आणि डोके १० सेंटीमीटरच्या फटीतून जात नाही. खालची फट विसरू नये. पावसाने माती वाहून गेली किंवा कुत्र्याने उकरली की सरपटत आत जाण्याची वाट तयार होते.

*आडव्या पट्ट्यांमध्ये ९० सेंटीमीटर अंतर.* उभ्या सळ्यांवर चढता येत नाही, आडव्या पट्ट्यांवर येते. पट्ट्या जवळजवळ असल्या की कुंपणाची शिडीच होते. त्या एकमेकींपासून ९० सेंटीमीटर दूर असल्या, तर खालच्या पट्टीवर उभे राहूनही पुढचा पाय वरच्या पट्टीपर्यंत जात नाही.

*जाळीची भोके बारीक.* जाळीच्या कुंपणात पायाची बोटे रुतवून मुले सहज वर चढतात. म्हणून १.२ मीटर उंचीच्या कुंपणाला जाळी वापरायची तर तिची भोके १३ मिलिमीटरपेक्षा मोठी चालत नाहीत. भोके त्याहून मोठी असली तर कुंपण १.८ मीटर उंच करावे लागते.

*कुंपणालगत ९० सेंटीमीटरचा मोकळा पट्टा.* तुळशीच्या कुंडीला मज्जाव होता तो यामुळे. बाहेरच्या बाजूने कुंपणाजवळ कुंडी, खुर्ची, सायकल, झाडाची खालची फांदी, एसीचे बाहेरचे यंत्र, असे पाय ठेवण्याजोगे काहीही चालत नाही. अर्धा मीटर उंचीच्या कुंडीवर उभ्या राहिलेल्या मुलासमोर १.२ मीटरचे कुंपण ७० सेंटीमीटरचेच उरते. शिवाय मुले वस्तू ओढून आणतात, म्हणून हलक्या खुर्च्या आणि खोकी तलावाच्या आसपास ठेवूच नयेत असा सल्ला दिला जातो.

काचेचे कुंपण तिथे इतके दिसते त्याचे एक कारण शोभा, आणि दुसरे त्याहून महत्त्वाचे: स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसत राहते. विटांच्या भिंतीने मूल अडेलही, पण एकदा आत गेलेले मूल तिच्याआड कोणाला दिसणार नाही.

फाटक: सगळ्यांत कच्ची जागा

कुंपण स्थिर असते, फाटक दिवसातून अनेकदा हलते. म्हणून बिघाड सुरू होतो तो तिथूनच. फाटकासाठी तीन अटी आहेत आणि तिन्हींच्या मागे एकच विचार आहे: विसरभोळ्या माणसावर काही अवलंबून ठेवायचे नाही.

पहिली अट, ते आपोआप बंद झाले पाहिजे. बिजागरीत स्प्रिंग असते. फाटक पूर्ण उघडून सोडा किंवा बोटभर उघडून सोडा, दोन्ही वेळा ते स्वतःच जाऊन मिटले पाहिजे. दुसरी अट, मिटले की खटका आपोआप पडला पाहिजे. नुसते टेकलेले फाटक बंद दिसते, पण मुलाने रेटले की उघडते.

तिसरी अट, फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे. खटका एखाद्या वेळी नीट पडलाच नाही, तरी बाहेर उभे असलेले मूल फाटकावर अंग टाकेल, ढकलेल, आणि त्या ढकलण्याने फाटक आणखी घट्ट मिटेल.

खटका जमिनीपासून किमान १.५ मीटर उंचीवर हवा. त्याहून खाली बसवला तर तो तलावाच्या बाजूला, आडोशामागे असावा लागतो, म्हणजे बाहेरच्या मुलाचा हात वरून किंवा फटीतून तिथवर पोहोचत नाही.

एवढे करूनही फाटकाचा एक शत्रू उरतो: वीट. घरात पाहुणे आहेत, ताटे-पेले आतबाहेर चालले आहेत, म्हणून कोणीतरी फाटकाला वीट लावून ठेवतो. त्या क्षणी हजारो डॉलरचे कुंपण निरुपयोगी होते. म्हणून फाटक अडवून उघडे ठेवणे हा तिथे गुन्हा मानला जातो. दुसरा शत्रू झीज. स्प्रिंग सैल पडते, खांब किंचित कलतो आणि खटका त्याच्या खाचेपासून दोन-चार मिलिमीटर सरकतो. फाटक मिटते, पण लागत नाही.

कायद्याची वाट

हे सारे एका दिवसात ठरले नाही. ऑस्ट्रेलियात १९७०च्या दशकात ब्रिस्बेनचे बालरोगतज्ज्ञ जॉन पर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या बुडण्याच्या घटनांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि घरगुती तलावांचा धोका लोकांसमोर आणला. पुढे राज्यांनी कायदे केले. न्यू साउथ वेल्समध्ये १९९२चा जलतरण तलाव कायदा आहे. क्वीन्सलँडमध्ये तलाव कधी बांधला त्यानुसार अकरा वेगवेगळी मानके लागू होती. ती मोडून एकच मानक आणले गेले आणि जुन्या तलावांनाही ३० नोव्हेंबर २०१५पर्यंत त्यात बसण्याची मुदत दिली गेली.

या कायद्यांचे वैशिष्ट्य असे की ते केवळ बांधणीच्या दिवशी तपासून थांबत नाहीत. न्यू साउथ वेल्समध्ये २०१३पासून घरगुती तलावांची नोंदणी सक्तीची आहे आणि २०१६पासून तलाव असलेले घर विकताना किंवा भाड्याने देताना त्याची कागदपत्रे जोडावी लागतात. न्यूझीलंडने १९८७मध्ये तलावांच्या कुंपणाचा स्वतंत्र कायदा केला होता. तिथे आता दर तीन वर्षांनी तपासणी होते. व्हिक्टोरियातही नोंदणी आणि ठरावीक काळाने तपासणी आहे. हवा भरून उभा करायचा तलावही सुटत नाही: या ऑस्ट्रेलियन राज्यांत ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी मावत असेल तर कुंपण लागते.

फ्रान्सने वेगळी वाट घेतली. तिथल्या २००३च्या कायद्याने मालकाला चार पर्याय दिले: कुंपण, धोक्याची घंटा, तलावावरचे मजबूत आच्छादन किंवा वरून झाकणारी छत्री-खोली. यांत घंटा सोयीची, पण तिची मर्यादा समजून घ्यावी. मूल पाण्यात पडल्यावर ती वाजते, आणि वाजल्यावर कोणीतरी ऐकून धावत यावे लागते. कुंपण मुलाला पाण्यापर्यंत पोहोचूच देत नाही. म्हणून घंटा जोडीला असावी, कुंपणाच्या जागी नको.

कुंपणाच्या आतला धोका

कुंपण ओलांडून रीतसर पोहायला उतरलेल्यांसाठी एक धोका पाण्याच्या तळाशी असतो. तलावाचे पाणी गाळण्यासाठी पंप तळाच्या जाळीतून ते ओढून घेतो. जाळी तुटलेली किंवा निघालेली असेल आणि कोणाचे अंग त्या तोंडावर बसले, तर पाण्याची वाट बंद होते आणि आत पोकळी निर्माण होते.

ही ओढ किती असते? २० सेंटीमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर भरते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा अर्ध्या वातावरणाने जरी कमी झाला, तरी दर चौरस सेंटीमीटरवर साधारण अर्धा किलो, म्हणजे एकूण दीडशे किलोहून अधिक भाराइतकी ओढ बसते. मूल तर सोडाच, दोन धडधाकट माणसांनाही ती सोडवणे कठीण. अमेरिकेत २००२मध्ये ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या टबात अशी अडकून दगावली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या नावाने २००७मध्ये तिथे कायदा झाला. सार्वजनिक तलावांत अंग चिकटणार नाही अशा फुगीर जाळ्या सक्तीच्या झाल्या, आणि एकच तोंड असलेल्या ठिकाणी ओढ वाढताच पंप थांबवणाऱ्या यंत्रणेसारखे जादा उपाय आवश्यक ठरले. नव्या तलावांत दूरदूर दोन तोंडे ठेवणे हाही असाच उपाय आहे. एक बुजले तरी पाणी दुसऱ्यातून येत राहते.

घरगुती पातळीवर नियम सोपा आहे: तळाची जाळी तुटलेली किंवा हललेली दिसली की दुरुस्त होईपर्यंत पाण्यात कोणीही उतरायचे नाही.

आपल्याकडे

पुणे, ठाणे, नवी मुंबईच्या गृहसंकुलांत तलाव ही आता नेहमीची सोय आहे. लोणावळा, कर्जत, अलिबाग आणि गोव्यात सुट्टीला भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांची तर ती मुख्य जाहिरात असते. या बंगल्यांत पुष्कळदा दिवाणखान्याचे सरकते दार थेट पाण्यावर उघडते. फोटोत ते सुंदर दिसते. दोन वर्षांच्या नातवाला घेऊन जाणाऱ्यांनी मात्र बुकिंग करतानाच विचारावे: तलावाला वेगळे कुंपण आहे का? सरकत्या दाराला वरची कडी आहे का? सोसायटीच्या तलावावर जीवरक्षक ठरावीक वेळी असतो. उरलेल्या वेळी फाटक लागलेले असते की नुसते लोटलेले, हे पाहणे समितीचे काम आहे.

आणि हा हिशेब शेततळ्यालाही लागू पडतो. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याचे काठ उतरते आणि ओले झाले की कमालीचे निसरडे असतात. घसरून पडलेल्याला पकडायला काहीच सापडत नाही, पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. महाराष्ट्रात अशा तळ्यांत मुले आणि त्यांना वाचवायला उतरलेली मोठी माणसेही बुडालेली आहेत. भोवती तारेचे कुंपण, बंद होणारे फाटक, चारही बाजूंनी पाण्यात सोडलेले गाठी मारलेले दोर आणि काठावर हवा भरलेली ट्यूब एवढे तरी हवेच. विहिरीला कठडा बांधायचा हे आपल्याकडे पूर्वापार कळत आले आहे. शेततळ्याचा कठडा म्हणजे हे कुंपण.

शेवटचा थर: पहिली पाच मिनिटे

मूल दिसेनासे झाले की घरात, पलंगाखाली शोधण्याआधी पाणी पाहावे. पाण्यातून काढलेले मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटे धरून फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे यात वेळ घालवू नये. त्याने पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बुडालेल्याला सर्वांत आधी प्राणवायू हवा असतो. म्हणून तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करावे आणि दुसऱ्याने १०८ किंवा ११२ला फोन करावा. हे पुस्तकातून नव्हे, प्रशिक्षणातच शिकता येते. न्यू साउथ वेल्समध्ये या कृतीचा फलक तलावाजवळ लावणे कायद्याने बंधनकारक आहे.

थोडक्यात: फाटकाशी उभे राहून तपासा

- कुंपण चारही बाजूंनी आहे का, की एक बाजू घराच्या दाराची आहे?
- उंची किमान १.२ मीटर आणि कोणतीही फट जास्तीत जास्त १० सेंटीमीटर आहे का?
- बाहेरच्या बाजूला ९० सेंटीमीटरच्या आत कुंडी, खुर्ची, फांदी नाही ना?
- फाटक बोटभर उघडून सोडले तरी आपोआप मिटून खटका पडतो का?
- ते तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडते का आणि खटका १.५ मीटरवर आहे का?
- तळाच्या जाळ्या शाबूत आहेत का?
- पोहून झाल्यावर चेंडू, बदके, ट्यूब पाण्याबाहेर काढली आहेत का? तरंगते खेळणे मुलाला पाण्याकडे ओढते.
- घरातल्या किंवा सोसायटीतल्या किमान दोघांना श्वास देणे व छाती दाबणे येते का?

आपल्या सोसायटीची पुढची सभा होईल तेव्हा तलावाच्या वेळा आणि पाहुण्यांचे शुल्क यांच्या आधी ही यादी विषयपत्रिकेवर घ्या. स्प्रिंगची बिजागरी आणि उंचावरचा खटका बसवायला एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि तो खर्च सोसायटीच्या कोणत्याही वार्षिक समारंभापेक्षा कमीच असतो.